पत्र्याची आगबोट

जत्रेंत मिळणारी पत्र्याची चिमुकली आगबोट आमच्या बालवाचकांनीं पाहिली असेलच. पोटांतील मेणबत्ती पेटविली कीं ती फटफट करीत पाणी कापूं लागते. हिला चाक नाहीं, दट्ट्या नाहीं. थॉमस पियो यानें इ. स. १८९१ मध्यें इंग्लंडांत अशा होडीच्या पेटंटासाठीं अर्ज केला होता.

आम्हीं ही होडी स्वतः करून पाहिली. पितळी पत्र्याच्या चपट्या डबीस दोन बारीक नळ्या डाख देऊन जोडल्या व त्यांचीं उघडीं तोंडें मागल्या बाजूस पाण्याखालीं ठेविलीं. डबींत आधीं पाणी भरावयाचें, तेंच आम्ही विसरलों! पाणी असतां डबी फारशी तापत नाहीं. ही कोरडी डबी तापतच गेली, आणि कथील-शिशाचा डाख वितळूं लागण्यास १८३ अंश सेंटिग्रेड पुरतात. नळ्या गळून पडल्या. पालकांस येथेंच सांगतों कीं, नळ्या उघड्या असल्यामुळें हिच्यांत वाफ कोंडत नाहीं. तोंड बंद केलेली डबी मात्र मुलांस कधींही तापवूं देऊं नये, ती फुटते.

दुसऱ्या खेपेस होडी हौदाच्या पलीकडच्या कांठास लागली. डबींतील वाफ नळ्यांतील पाणी मागें लोटते. वाफ निवतांच पाणी पुन्हां आंत येतें. जितकें बाहेर तितकेंच आंत, तर होडी जागींच कां डुलत नाहीं? फुंकरीनें दिवा विझतो. तोच श्वास आंत ओढून विझवून पहा! बाहेरचें पाणी एका धारेनें मागें जातें, आंत येणारें चोहोंकडून गोळा होतें; म्हणून पुढचा रेटा शिल्लक उरतो.