सह्याद्रीवाल्यांनी वाळूचे सुळके का पाहावेत?

प्रश्न : जूनमध्ये आम्ही दोघं मुलाकडे ड्रेस्डेनला जातोय. जर्मनी आणि चेक प्रजासत्ताक यांच्या सीमेवरचे दगडी सुळके गाइडबरोबर एका दिवसात दाखवून आणणाऱ्या सहली तिथून निघतात, असं तो सांगतो. आमचं अर्धं आयुष्य सह्याद्रीत गेलं. कडे, सुळके, नेढी भरपूर पाहिली. मग तिथे वेगळं ते काय? आणि गाइडचे पैसे भरावेत का?
– एक वाचक दांपत्य, पुणे

उत्तर : वेगळा आहे तो दगडच, आणि सह्याद्री पायाखालून गेलेल्या माणसाला तो जास्त कळेल.

आपला कातळ लाव्हाचा. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी एकावर एक थर वाहत आले आणि थिजले. एल्बे नदीच्या खोऱ्यातला दगड त्याहून जुना, नऊ-दहा कोटी वर्षांपूर्वीचा, आणि तो घडला समुद्राच्या तळाशी. जर्मनीतल्या आजच्या सॅक्सनीवर आणि चेकमधल्या उत्तर बोहेमियावर तेव्हा उथळ समुद्र होता. नद्यांनी आणलेली वाळू त्यात काहीशे मीटर जाडीपर्यंत साचली, दबून घट्ट झाली. समुद्र हटल्यावर भूकवचाच्या ताणाने या थरांना उभ्या भेगा पडल्या. थरांच्या आडव्या रेषा आधीच होत्या. त्यामुळे सगळा डोंगर कुणी चिरे पाडून ठेवल्यासारखा विभागला गेला. पाणी भेगांत शिरलं, भेगांच्या घळी झाल्या आणि मध्ये उरले ते सुळके. नुसत्या जर्मन बाजूला असे सुटे उभे सुळके अकराशेच्या वर आहेत.

तिथे गेल्यावर दूरचा देखावा जरूर बघा, पण एखाद्या कड्याला नाक लावून दोन मिनिटं उभे राहा. पृष्ठभागावर बोटभर खोल खळगे दिसतील, शेजारी शेजारी, मध्ये पातळ पडदे राखलेले. हे काम क्षारांचं. दगडात मुरलेलं पाणी बाहेर येऊन सुकतं, क्षारांचे स्फटिक वाढतात आणि वाळूचा एकेक कण ढकलून देतात. कड्याच्या पायथ्याशी खाली बघा, तीच कोरडी पिवळसर वाळू पडलेली असते. जिथे लोहाने दगड बांधला गेलाय, तिथे तपकिरी शिरा ताठ उभ्या राहतात आणि आजूबाजूचा मऊ भाग आत जातो. आपल्या बेसॉल्टमध्ये हे असं सहसा पाहायला मिळत नाही. ज्या क्रियेने समोरचा सुळका झाला, ती तुमच्या डोळ्यांसमोर अजून चालू आहे.

म्हणूनच तिथल्या प्रस्तरारोहकांचे नियम कडक आहेत. पाऊस पडून गेला की चढाई बंद. ओल्या वाळूच्या दगडाची ताकद घटते आणि हाताने धरलेली पकड तुटून येते. वरून सुकलेला दगड आतून ओला असू शकतो, त्यामुळे पावसानंतर थांबावंच लागतं. सॅक्सनीत भेगांमध्ये धातूची साधनं खुपसायलाही मनाई आहे, कारण ती कडा खातात. दोरीच्या गाठी अडकवून आधार घ्यायचा. हाताला खडूची पूड लावणंही चालत नाही. इथल्या चढाईची परंपरा दीडशेहून जास्त वर्षांची आहे. 1864 मध्ये बाड शांडाऊच्या व्यायामपटूंनी फाल्कनश्टाइन हा सुळका चढला, तेव्हापासून तिची गणना होते. ही शिस्त मला फार मोलाची वाटते. दगड जपायचा म्हणून स्वतःची सोय सोडून देणारे गिर्यारोहक सगळीकडे हवेत.

आता नेढ्याचं. राजगडच्या सुवेळा माचीवरचं किंवा रतनगडाच्या माथ्यावरचं नेढं तुम्ही पाहिलंच असेल. चेक बाजूची प्राव्चित्स्का ब्राना ही त्याच जातीची, पण 16 मीटर उंच आणि साडेसव्वीस मीटर रुंदीची कमान आहे. वालुकाश्माची युरोपातली सर्वांत मोठी. पूर्वी लोक तिच्या पाठीवरून चालायचे. इतके चालले, की 1980च्या दशकाच्या सुरुवातीपासून वर जाणं बंद करावं लागलं. आता ती खालून आणि बाजूच्या सज्जांवरून पाहायची. शेजारी 1881 मध्ये बांधलेला छोटा महाल आहे.

जर्मन बाजूचं मुख्य ठिकाण बास्टाय. एल्बेपासून जवळजवळ 200 मीटर उंचीवर, सुळक्यांमधून 1851 मध्ये दगडी पूल बांधलाय. गर्दी भरपूर होते, पण सकाळी नऊच्या आत पोहोचलात तर पुलावर निवांत उभं राहता येतं.

गाइड हवा की नको? फक्त बास्टाय पाहायचं असेल तर नको. ड्रेस्डेनहून एस-1 लोकल राटेनला नेते, तरीतून नदी ओलांडली की पायवाट सुरू. मुलगा सहज नेईल. पण दोन्ही देश एका दिवसात करायचे असतील, तर गाडी आणि माहीतगार माणूस घ्या. त्याचं मोठं कारण 2022 ची आग. त्या वर्षी 24 जुलैला चेक बाजूच्या राष्ट्रीय उद्यानात वणवा पेटला आणि सुमारे तीन आठवडे चालला. हजार हेक्टरहून जास्त जंगल जळलं, मेझ्ना गावातली घरंही गेली. खोडकिड्याने आधीच मारून टाकलेली स्प्रूसची झाडं तिथे उभी होती, त्यात उन्हाळा कोरडा. जळकी झाडं केव्हाही पडतात, त्यामुळे काही वाटा नंतर दीर्घकाळ बंद राहिल्या. कुठली वाट आज उघडी आहे आणि कुठली नाही, हे रोज जाणाऱ्याला ठाऊक असतं. काळवंडलेल्या खोडांखालून बर्च कसे वर येताहेत, हेही तो दाखवेल. सहल निवडताना एवढंच विचारा : पायी किती तास? गाडीतून उतरून फोटो काढून परत बसायचं असेल तर पैसे फुकट गेले समजा.

निघण्याच्या आदल्या दिवशी ड्रेस्डेनमधलं फ्राउएनकिर्शे हे चर्च बघून घ्या. याच वाळूच्या दगडाचं ते बांधकाम बॉम्बवर्षावानंतर फेब्रुवारी 1945 मध्ये कोसळलं आणि 2005 मध्ये पुन्हा उभं राहिलं. भिंतीतले काळे दगड ढिगाऱ्यातून काढलेले, पिवळसर ते नवे. हा दगड वर्षानुवर्षं उघड्यावर राहिला की कसा काळवंडतो, हे त्या एका भिंतीवर समजतं.

गुडघ्यांची तक्रार असेल तर प्राव्चित्स्का ब्रानाची चढण सोडून द्या आणि चेक बाजूच्या तिसा गावाजवळच्या दगडी भूलभुलय्याचा आग्रह धरा. तिथे चढ थोडा आहे आणि दगड हाताच्या अंतरावर. शेंगेन व्हिसा दोन्हीकडे चालतो, तरी पासपोर्ट खिशात ठेवा. चेककडून परतताना जर्मन पोलीस सीमेवर तपासणी करू शकतात. चेक बाजूसाठी कोरुना हे तिथलं चलनही थोडं जवळ असू द्या.