गाडी चढाला का बसते?

चि. भाचेबुवांस,


आयटीआयचा डिझेल मेकॅनिक ट्रेड पुरा झाला, गॅरेजात हातही काळे होऊ लागले. आता एक तक्रार सारखी कानावर येणार: "गाडी पिकअप घेत नाही." गिऱ्हाईक एवढंच सांगतं. सपाटीला गाडी ठीक चालते, आयडलिंगही एकसारखं असतं. पण माल भरून खंबाटकी घाटाचा चढ लागला आणि ॲक्सिलेटर पूर्ण दाबला की गाडी बसते. अशी गाडी आली की बरेच फिटर तिला उभी करून रेस देतात, आवाज ऐकतात आणि टर्बो नाहीतर नोझल बदलायला सांगतात. उभ्या इंजिनावर भार नसतो. त्याला डिझेल थोडं पुरतं, टर्बोचं प्रेशरही फारसं बनत नाही. भाराखालीच निघणारा दोष न्यूट्रलमध्ये सापडणार कसा?

तेव्हा पाना उचलण्याआधी चढावर चक्कर. तिसरा किंवा चौथा गिअर, पेडल पूर्ण खाली, आणि शेजारी बसलेल्या हेल्परच्या हातात स्कॅनर. आरपीएम चढतो पण वेग वाढत नाही, असं दिसलं तर इंजिनाला हात लावायची गरज नाही, क्लच घसरतोय. एखादं चाक भलतंच तापलं असेल तर ब्रेक धरून बसलाय.

मग धूर. काळा धूर म्हणजे डिझेल आहे, हवा कमी पडते. धूर नाही आणि ताकदही नाही, म्हणजे बहुधा डिझेलच पोचत नाही. हा ठोकताळा जुन्या गाड्यांना चोख लागू पडतो. पण १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं आणि सायलेन्सरच्या वाटेवर काजळी अडवणारा डीपीएफ बसला. आता काळा धूर बाहेर दिसतच नाही, तो आत साठत राहतो. अशा गाडीचं मागचं नळकांडं स्वच्छ आहे म्हणून हवेची बाजू निर्दोष ठरवणारा फिटर हमखास फसतो.

हवेच्या बाजूला सर्वांत जास्त छळतो तो टर्बो ते इंटरकूलर ते इंजिन असा जाणारा रबरी होज पाईप. वरून तो धडधाकट दिसतो. चीर असते खालच्या अंगाला, क्लिपच्या अगदी कडेला, आणि आतलं प्रेशर वाढल्यावरच तिचं तोंड उघडतं. भोवती तेलकट ओल आणि तिला चिकटलेली धूळ दिसली की तिथे बोट फिरवायचं. खात्री हवी तर होजची तोंडं बंद करून बेताची हवा भरायची आणि साबणाचं पाणी मारायचं. बुडबुडे जागा दाखवतात. स्कॅनरवर पी०२९९ कोड आला की टर्बो गेला, असा निकाल पुष्कळ जण देतात. तो कोड एवढंच सांगतो की मागितलं तेवढं बूस्ट, म्हणजे टर्बोचं प्रेशर, मिळालं नाही. फाटका होज, टर्बोच्या ॲक्च्युएटरची तडकलेली व्हॅक्यूम नळी, धूर परत इंजिनात सोडणारा ईजीआर व्हॉल्व्ह उघडा अडकणं, यांतल्या कशानेही तो येतो. आणि डीपीएफ तुंबला असेल तर इंजिनाला नाक दाबून पळायला लावल्यासारखं होतं. डीपीएफच्या आधी-नंतरच्या प्रेशरमधला फरक स्कॅनर दाखवतो.

डिझेलच्या बाजूला कॉमन रेलचे, म्हणजे सगळ्या नोझलना डिझेल पुरवणाऱ्या सामाईक नळीचे, दोन आकडे शेजारी ठेवून बघायचे: मागितलेलं प्रेशर आणि मिळालेलं प्रेशर. आयडलला साधारण २५० ते ३०० बार असतं, पूर्ण भाराला बऱ्याच गाड्यांत १६०० बारच्या घरात जातं. मागणी चढत गेली आणि प्रत्यक्ष आकडा मध्येच अडकला, तर पी००८७ हा कोड येतो. तोही पंपाचा मृत्यूदाखला नाही. आधी डिझेल फिल्टर आणि त्यातलं पाणी, मग टाकीतली जाळी. टाकीचं झाकण उघडताना हवा आत ओढल्याचा आवाज आला तर झाकणाची हवेची वाट बंद आहे. फिल्टरआधीच्या लाइनमध्ये वीतभर पारदर्शक नळी जोडली की गाडी एअर घेते का ते डोळ्यांनी दिसतं. एवढं झाल्यावर नोझलचं रिटर्न, म्हणजे तिथून परत जाणारं डिझेल, मोजायचं. पंपाची पाळी सगळ्यांत शेवटी.

एक सवय मात्र जुन्या उस्तादांकडून उचलायची नाही. मेकॅनिकल पंपाच्या काळात ते चालू इंजिनावर नोझलचा नट ढिला करून कुठला सिलिंडर बंद आहे ते ओळखत. कॉमन रेलवर हे कधीही करायचं नाही. तिथली डिझेलची गळती शोधायला बोटही फिरवायचं नाही. एवढ्या प्रेशरची बारीक धार कातडी भेदून आत जाते. जखम टाचणीच्या टोकाएवढी दिसते, सुरुवातीला फारशी दुखतही नाही, पण आत गेलेल्या डिझेलपायी बोट किंवा हात कापावा लागू शकतो. कुणाला तसं झालंच तर मलम लावत बसू नये. तडक शस्त्रक्रियेची सोय असलेलं हॉस्पिटल गाठावं आणि प्रेशरचं डिझेल आत गेलंय, हे डॉक्टरांना पहिल्या वाक्यात सांगावं.

तुझा,
मामा