परीक्षेचें काम आणि परक्याचा हात

विद्यार्थिमित्रहो, वर्षाच्या अखेरीस तुमच्यापैकीं पुष्कळांना एखादें काम स्वतःच्या हातानें करून दाखवावें लागतें. कोणी पुठ्ठ्याची पवनचक्की करितो, कोणी विजेच्या घंटेची जोडणी करितो, कोणी नकाशा रंगवितो. परीक्षक येतात, दोन प्रश्न विचारतात, गुण देतात. आणि पुढल्याच आठवड्यांत ती पवनचक्की माळ्यावर जाते. मग असा प्रश्न मनांत येणें साहजिक आहे कीं, एवढे श्रम कशासाठीं? या प्रश्नाचें उत्तर मिळावें म्हणून परदेशांतील दोन विद्यार्थ्यांच्या कामाची हकीकत येथें सांगावयाची आहे. दोघांचाही अभ्यासविषय एकच होता.

त्या विषयाला 'इंटरॅक्शन डिझाइन' असें म्हणतात. मनुष्य आणि यंत्र यांच्यामध्यें जो व्यवहार चालतो त्याची योजना करण्याची ही विद्या होय. दाराची मूठ पाहतांच तें ओढावयाचें कीं ढकलावयाचें हें कळलें पाहिजे. न कळल्यास दोष मनुष्याचा नव्हे, मुठीचा, असें ही विद्या मानते. बिल मॉग्रिज व बिल व्हर्प्लँक या दोन रचनाकारांनीं हें नांव १९८० नंतरच्या दशकांत रूढ केलें. मॉग्रिज यानें 'ग्रिड कंपास' नांवाच्या, घडी घालून नेतां येणाऱ्या संगणकाचें रूप रेखाटलें होतें. तो संगणक १९८२ सालीं बाजारांत आला. त्याचा नमुना घरीं नेऊन तो स्वतः वापरूं लागला, तेव्हां त्याला एक आश्चर्य वाटलें. ज्या पेटीच्या आकारासाठीं आपण इतके झिजलों, ती थोड्याच वेळांत विसरून आपलें सारें चित्त पडद्यावर काय घडतें यांतच गुंतलें आहे, असें त्याला आढळून आलें. वस्तु घडविणें पुरेसें नाहीं, वापरणाऱ्याचा अनुभवही घडविला पाहिजे, हा धडा त्यानें त्यांतून घेतला.

आतां पहिल्या विद्यार्थ्याकडे वळूं. लंडन येथील रॉयल कॉलेज ऑफ आर्ट या संस्थेंत ड्युरेल बिशप हा शिकत होता. त्या काळीं घरीं कोणी नसतां आलेले दूरध्वनीचे निरोप ध्वनिमुद्रित करून ठेवणारीं यंत्रें असत. त्यांवर अनेक कळा आणि लुकलुकणारे दिवे असत, आणि कोणत्या कळीनें काय होतें हें पुस्तिका वाचल्यावांचून समजत नसे. बिशप यानें १९९२ सालीं या यंत्राची एक निराळी कल्पना मांडली. निरोप आला कीं यंत्रांतून एक गोटी बाहेर पडून पन्हळींत येऊन थांबते. चार गोट्या दिसल्या तर चार निरोप आले असें समजावें. गोटी उचलून यंत्रावरील खळग्यांत ठेवली कीं तो निरोप ऐकूं येतो. तीच गोटी दूरध्वनीवरील खळग्यांत ठेवली कीं निरोप देणाऱ्याला आपोआप फोन लागतो. निरोप घरांतील दुसऱ्या कोणासाठीं असेल, तर गोटी त्याच्याकरितां बाजूला काढून ठेवतां येते.

हें यंत्र कोणत्याही कारखान्यांतून विक्रीसाठीं बाहेर पडलें नाहीं. तरीही या विषयाच्या वर्गांत तें आजतागायत शिकविलें जातें. याचें कारण उघड आहे. निरोप ही डोळ्यांना न दिसणारी वस्तु. ती बिशप यानें मुठींत धरतां येईल अशी केली. गोटी कशी उचलावी, कशी मोजावी, दुसऱ्याला कशी द्यावी, हें कोणा मुलाला शिकवावें लागतें काय? जें ज्ञान मनुष्याच्या हातांत आधींच आहे, त्याचाच त्यानें उपयोग करून घेतला.

दुसरी हकीकत उत्तर इटलींतील इव्रेआ या गांवची आहे. १९०८ सालीं तेथें ऑलिव्हेट्टी यांचा टंकलेखनयंत्रांचा कारखाना निघाला, आणि त्यामुळें हें गांव प्रसिद्धीस आलें. तेथेंच २००१ सालीं इंटरॅक्शन डिझाइनची एक शिक्षणसंस्था स्थापन झाली. दक्षिण अमेरिकेंतील कोलंबिया देशाचा हर्नान्दो बार्रागान हा तेथें शिकावयास आला. त्यानें आजूबाजूला पाहिलें तों त्याच्या सहाध्यायांची एक अडचण त्याच्या नजरेस आली. कोणी चित्रकार होता, कोणी वास्तुरचनाकार; त्यांच्या डोक्यांत कल्पना पुष्कळ, परंतु दिवा, मोटर किंवा स्पर्श ओळखणारें साधन संगणकाला जोडावयाचें म्हटलें कीं हात थबकत. याकरितां 'मायक्रोकंट्रोलर' नांवाची नखाएवढी चिप वापरतात. परंतु एक लहानसा दिवा लुकलुकविण्यासाठींही त्या चिपच्या अमुक कप्प्यांत शून्य, तमुक कप्प्यांत एक, अशा सांकेतिक आज्ञा लिहाव्या लागत.

बार्रागान यानें हीच अडचण आपल्या पदव्युत्तर प्रबंधाचा विषय म्हणून घेतली. मासिमो बान्झी व केसी रीस हे त्याचे मार्गदर्शक होते. रीस यानें बेन फ्राय याच्यासह २००१ सालीं 'प्रोसेसिंग' ही चित्रकारांना सोपी जाईल अशी संगणकभाषा सुरू केली होती. तिचा आधार बार्रागान यानें घेतला. २००३ सालीं त्यानें विजेच्या जोडणीची एक पाटी आणि तिच्यासाठीं सोपी आज्ञावली तयार केली, आणि या योजनेला 'वायरिंग' असें नांव दिलें. तिच्यांत दिवा लुकलुकविण्याच्या आज्ञांचा अर्थ इतकाच: हें टोंक वीज बाहेर सोडण्यासाठीं राखून ठेव, वीज सोड, हजार मिलिसेकंद, म्हणजे एक सेकंद, थांब, वीज बंद कर, पुन्हां तितकेंच थांब. प्रबंध पुरा झाला २००४ सालीं. परंतु त्यापूर्वींच त्या पाट्या संस्थेच्या वर्गांत इतर विद्यार्थ्यांच्या हातीं देण्यांत आल्या होत्या. परीक्षकाच्या आधीं परक्यांचे हात त्या कामावरून फिरले, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे.

बार्रागान यानें आपलें काम सर्वांना खुलें ठेविलें होतें. २००५ सालीं बान्झी व त्यांचे सहकारी यांनीं त्याच पायावर अधिक स्वस्त चिपची पाटी केली आणि तिला 'आर्डुइनो' असें नांव दिलें. हें नांव त्यांनीं इव्रेआ येथील एका मद्यगृहावरून घेतलें. त्या मद्यगृहाचें नांव १००२ सालीं इटलीचा राजा झालेल्या आर्डुइनो याच्यावरून पडलेलें होतें. पुढें ही पाटी जगभर पसरली. २०१६ पासून अटल इनोव्हेशन मिशनच्या वतीनें आपल्या देशांतील शाळांत ज्या टिंकरिंग लॅब उघडल्या, तेथें इयत्ता सहावीपासूनचीं मुलें ती हाताळतात.

परंतु येथें एक विचार मनाला लागून राहतो. हजार वर्षांपूर्वींच्या राजाचें नांव मुलांच्या तोंडीं आलें. ज्या विद्यार्थ्याच्या प्रबंधावर तें सारें उभें राहिलें, त्याचें नांव मात्र फार थोड्यांना ठाऊक आहे. आर्डुइनोची आज्ञावली वायरिंगवरून घेतली हें तिच्या कर्त्यांनीं नमूद केलेलें आहे; तथापि त्याच्या पांच संस्थापकांच्या नामावळींत बार्रागान नाहीं. २०१६ सालीं त्यानें स्वतः ही सर्व हकीकत लिहून प्रसिद्ध केली. काम खुलें ठेवणें हें औदार्य होय. तें घेणाऱ्यानें देणाऱ्याचें नांव ठळकपणें सांगणें हें कर्तव्य होय. पहिलें घडलें म्हणून दुसरें माफ होत नाहीं.

आतां आरंभींच्या प्रश्नाचें उत्तर देतां येईल. आपलें काम परीक्षकानें पाहिलें म्हणजे तें तपासलें गेलें; परक्यानें तें हातीं घेऊन आपल्या मदतीवांचून वापरलें म्हणजे तें पुरें झालें. यंदां तुमचें काम तयार झालें कीं तें आजीच्या किंवा शेजारच्या लहान मुलाच्या हातीं द्या आणि स्वतः तोंड मिटून बसा. हात कोठें अडखळतो, बोट चुकीच्या ठिकाणीं कोठें जातें, हें वहींत टिपून ठेवा. 'असें नाहीं, तसें कर' हें शब्द ओठांवर येतील, ते गिळा. कारण जेथें ते येतील तेथेंच तुमच्या कामांत सुधारणेला जागा आहे. पालकांनीं मुलाचें काम स्वतः करून देण्यापेक्षां असा परका हात होऊन बसावें. त्यानें मुलाचें अधिक हित होईल.

आणि वहीच्या शेवटच्या पानावर, ज्याच्याकडून कल्पना घेतली, ज्यानें तार जोडून दिली, ज्यानें चूक दाखविली, त्या प्रत्येकाचें नांव लिहा. पवनचक्की माळ्यावर गेली तरी तें पान जपून ठेवा.