पित्याचा शब्द आणि पुत्रांचा लोभ

शास्त्रपाठ : मत्तय ५ : ९, याकोब ३ : १८.

धड्याचा हेतु : राष्ट्राराष्ट्रांतील शांति सत्य व न्याय यांवरच टिकते, हें ओळखणें.

शांतीविषयीं थोर पुरुषांनीं पुष्कळ लिहिलें आहे. पण लिहिलेलें आचरून पाहणारे थोडे. त्या थोड्यांपैकीं विल्यम पेन याच्या चरित्राकडे आज आपण पाहूं.

१. शेजाऱ्याशीं सत्य. — पेन १६४४ सालीं लंडन शहरीं जन्मला. बाप आरमाराचा सेनापति. पण मुलगा शस्त्र न धरणाऱ्या क्वेकर पंथास मिळाला व विश्वासासाठीं बंदींत गेला. बापाचें राजाकडे मोठें येणें होतें. त्याच्या फेडीसाठीं १६८१ सालीं राजानें पेनला अमेरिकेंत विस्तीर्ण मुलूख दिला, तोच पेनसिल्व्हेनिया. राजाची सनद हातीं असतांहि, तेथें लेनापी लोक पूर्वीपासून राहतात हें पेन विसरला नाहीं. त्यानें आधीं पत्र पाठवून, त्यांच्या प्रेमानें व संमतीनें राहण्याची इच्छा कळविली, आणि जमीन त्यांजपासून विकत घेतली. धर्मगुरूंचा कठोर टीकाकार जो व्होल्टेअर, त्यानेंहि शपथेवांचून झालेला व न मोडलेला करार म्हणून या कराराची वाखाणणी केली.

२. राष्ट्रांमध्यें न्याय. — १६९३ सालीं यूरोपांत युद्ध पेटलें असतां पेननें शांतीवर एक निबंध लिहिला. राजांनीं प्रतिनिधींची सभा भरवून आपले तंटे तिच्यापुढें ठेवावे, असा त्याचा विचार होता. पहिला मान कोणाचा हा वाद होऊं नये म्हणून सभेची खोली वाटोळी असावी व तिला अनेक दारें असावीं, असेंहि त्यानें सुचविलें. राष्ट्रसंघ १९२० सालीं व संयुक्त राष्ट्रसंघ १९४५ सालीं स्थापन झाला. त्यांच्या कितीतरी आधीं हें बीज पेरलें गेलें होतें.

३. शब्द मोडल्याचें फळ. — पेन निर्दोष नव्हता. त्यानें गुलाम बाळगले होते. १७१८ सालीं तो वारला. पुढें १७३७ सालीं त्याच्या पुत्रांनीं एक जुना कागद पुढें केला : मनुष्य दीड दिवसांत चालेल तितकी जमीन त्यांची. लेनापी लोक साध्या चालीचा हिशेब धरून होते. पुत्रांनीं वाट साफ करविली, चपळ माणसें मोलानें लावलीं आणि शेकडों चौरस मैल जमीन बळकाविली. लेनापी देशोधडीस लागले. सुमारें सत्तर वर्षें टिकलेली शांति १७५५ सालीं रक्तांत बुडाली.

१७९५ सालीं जर्मन तत्त्ववेत्ता कांट यानेंहि हेंच मर्म सांगितलें : पुढील युद्धाचें निमित्त मनांत राखून केलेला तह हा तहच नव्हे.

प्रिय बंधुभगिनींनो, हें दूरदेशचें वृत्त समजून आपण सोडूं नये. आपल्याकडेहि बांधाचा तंटा पंचांपुढें मिटतो, आणि पहिल्या पावसांत नांगराचें एक तास पलीकडे सरकतें! कागद खरा, पण मन खोटें. जो बांध राखीत नाहीं, त्यानें राष्ट्रांच्या शांतीसाठीं कोणत्या तोंडानें प्रार्थना करावी?

विचारार्थ प्रश्न :
(१) सनद असतांहि पेननें जमीन विकत कां घेतली?
(२) पुत्रांनीं कागद पाळला. मग मोडलें काय?
(३) आपण दिलेला कोणता शब्द अद्याप पुरा व्हावयाचा आहे?