ज्वारीचा पिझ्झा: ग्लूटेनशिवाय पीठ फुगतं कसं?

परवा एक मैत्रीण लेकीला घेऊन जेवायला यायची होती. मायलेकी दोघी व्हीगन, त्यात लेकीला नुकताच सीलिअ‍ॅक आजार निघालेला. तिची फर्माईश एकच: पिझ्झा! मैदा नाही, चीज नाही, मग उरलं काय, असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटलं होतं.

आधी मैदा काय काम करतो ते पाहू. गव्हात ग्लायाडिन आणि ग्लुटेनिन या दोन गटांतली प्रथिनं असतात. पाणी घालून मळलं की ती एकमेकांत गुंततात आणि लवचीक जाळं तयार होतं. हेच ग्लूटेन. यीस्टने सोडलेला कार्बन डायऑक्साइड त्यात अडकतो आणि पीठ फुगतं. ज्वारीतली प्रथिनं असं जाळं विणत नाहीत. माझा पहिला बेस म्हणूनच भेगाळून कडक झाला.

भाकरी करणाऱ्यांना यावरचा अर्धा उपाय ठाऊक असतो: उकड. उकळत्या पाण्यात स्टार्चचे कण पाणी शोषून फुगतात, चिकट होतात आणि पीठ बांधलं जातं. उरलेला अर्धा उपाय आजोबांच्या औषधांच्या कपाटात सापडला: इसबगोल! त्याची साल पाण्यात घट्ट जेल बनवते आणि वायू धरून ठेवते. शिवाय ती जवळजवळ सगळी तंतुमय. बाजारातल्या बऱ्याच ग्लूटेन-फ्री बेसमध्ये तांदळाचं पीठ आणि स्टार्चच जास्त असतो, म्हणून मला हा घरचा बेस अधिक पटतो.

दीडशे मिली उकळत्या पाण्यात ७५ ग्रॅम ज्वारीचं पीठ घालून उकड काढा आणि कोमट होऊ द्या. गरम उकडीत यीस्ट मरतं, घाई करू नका. १०० मिली कोमट पाण्यात चमचाभर साखर, चमचाभर यीस्ट आणि १२ ग्रॅम इसबगोल कालवा. जेल झालं की ते, आणखी ७५ ग्रॅम ज्वारी, ५० ग्रॅम टॅपिओका स्टार्च, मीठ आणि थोडं तेल उकडीत घालून मळा. पाऊण तास झाकून ठेवा. मैद्याइतकं फुगणार नाही, पण फुगेल.

चीज ताणलं जातं ते केसिन या दुधातल्या प्रथिनामुळे. काजूत ते नाही. म्हणून भिजवलेले अर्धी वाटी काजू, लसूण, लिंबू, मीठ आणि पाऊण वाटी पाणी वाटून त्यात मोठा चमचाभर टॅपिओका स्टार्च घाला आणि घट्ट होईपर्यंत ढवळत शिजवा. थोडी तार येते. मोझरेला म्हणून खपणार नाही, चव मात्र छान.

आता खरी चूक सांगते. टोमॅटोच्या सॉसला सवयीने हिंगाची फोडणी दिली, आणि मग डबीवर वाचलं: गव्हाचं पीठ! अख्खा सॉस टाकला. सीलिअ‍ॅकमध्ये ग्लूटेनमुळे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच लहान आतड्याच्या अस्तराला इजा करते, तिथे "एवढ्याशाने काय होतं" चालत नाही. अमेरिकेत ग्लूटेन-फ्री लेबलची मर्यादा २० पीपीएमच्या आत आहे, म्हणजे किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा कमी. त्यामुळे पीठही तसं लेबल असलेलंच घ्या. गावाहून गिरणीत दळून आणलेलं नको, त्याच जात्यावर आधी गहू दळलेला असू शकतो. पोळीचं लाकडी लाटणंही नको. मी बेस हातानेच, भाकरीसारखा, बेकिंग पेपरवर थापला.

४५० फॅरनहाइटला (२३० सेल्सिअस) नुसता बेस दहा-बारा मिनिटं भाजा, मग सॉस, भाज्या, काजूचं चीज घालून आणखी आठ-दहा मिनिटं. बाहेर काढल्यावर पाच मिनिटं थांबा. लगेच कापलात तर आतून चिकट लागेल.

लेकीने चार तुकडे खाल्ले. आईला एकच मिळाला.