अर्धी उरलेली ट्यूब

विंचूरला मेडिकलच्या काउंटरमागे उभं राहून गजकर्ण-नायट्याच्या गिऱ्हाइकांबद्दल कळलं ते एवढं:

१. "मलम लावता का?" असं विचारू नये, सगळे हो म्हणतात. "ट्यूब घेऊन या" म्हणावं. तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत मलम पिळलं की साधारण अर्धा ग्रॅम भरतं. तेवढं बोटांसकट दोन तळहातांएवढ्या कातडीला पुरतं. म्हणजे १५ ग्रॅमच्या ट्यूबमध्ये अशी ३० पेरं. दोन्ही जांघांना नि कमरेला दिवसातून दोनदा लावणाऱ्याची ट्यूब आठवड्याभरात संपायला हवी. इथं महिन्यानं येऊन मामा कौतुकानं सांगतात, "अर्धी हाय अजून!"

२. खाज थांबली तरी बुरशी जिवंत असते. चट्टा दिसेनासा झाल्यावरही डॉक्टर सहसा दोनेक आठवडे लावायला सांगतात. नेमकी तेव्हाच ट्यूब फळीवर जाते.

३. बागाईतदाराला निष्काळजी म्हणायला माझी जीभ रेटत नाही. ऑक्टोबर छाटणीनंतर द्राक्षाच्या एकेका डोळ्याला पेस्ट लावून घेणारा माणूस हा. कितव्या दिवशी कुठलं औषध, लिटरला किती, निर्यातीच्या मालावर काढणीआधी किती दिवस फवारणी बंद, सगळं त्याच्या वहीत असतं. मी आता मलमही त्याच वहीत लिहायला सांगतो. काही जण लिहितातही. घरातल्या बाईचं मलम मात्र त्या वहीत येत नाही.

४. सुरगाणा-पेठकडून बागेत कामाला आलेल्या कुटुंबाला खोली एकच. जांघेत मलम लावायला आडोसा कुठून आणायचा? अशांना मी डॉक्टरांकडे पुन्हा पाठवतो: "दिवसातून एकदाच लावायचं काही आहे का, विचारा." एकदा जमतं, रात्री दिवा मालवल्यावर.

५. स्टेरॉईड मिसळलेल्या मलमाने दोन दिवसांत खाज बसते नि बुरशी आतून पसरते. कातडीही पातळ होते. २०१८ साली केंद्र सरकारने स्टेरॉईडची १४ मलमं चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली. तरी "मागची तीच द्या" चालूच आहे. नाही म्हटलं की गिऱ्हाईक पुढच्या दुकानात.

६. ट्यूब चार दिवसांत संपली तरी लगेच खूश होऊ नये. टॉवेल एक, गोधडी एक, तशी ट्यूबही एक. ती घरातल्या चौघांनी लावलेली असते. चौघांनाही तपासून घ्या म्हणतो. येतो तो बहुधा एकटाच, नवी ट्यूब न्यायला.