शिळ्या पावाचा नाश्ता

मुलांनो, रविवारी सकाळी अम्मीला स्वयंपाकघरातून सुट्टी द्यायची आहे ना? मग शनिवारी उरलेला पाव टाकून देऊ नका. त्याचे फ्रेंच टोस्ट करा.

फ्रान्समध्ये या पदार्थाचे नाव आहे ‘वाया गेलेला पाव’! प्राचीन रोममधील पाककृतींच्या एका पुस्तकातही दुधात भिजवून तळलेल्या पावावर मध घालायला सांगितले आहे.

यासाठी शिळा पावच चांगला. ताजा पाव मऊ असतो. दुधात त्याचा लगदा होतो आणि उचलताना तो तुटतो. शिळा पाव कोरडा झालेला असतो. तो दूध पितो, पण मोडत नाही. मात्र बुरशी आलेला पाव मुळीच घेऊ नका.

2 अंडी, अर्धा कप दूध, 2 चमचे साखर आणि चिमूटभर वेलचीपूड एकत्र फेटा. पावाचे 4 काप दोन्ही बाजूंनी त्यात भिजवा. तव्यावर थोडे तूप सोडा. पहिल्यांदा करताना घरातले मोठे माणूस जवळ असू द्या.

आता घाई नको! आच मोठी असली तर साखर लगेच करपते. टोस्ट वरून तयार दिसतो, पण आत अंडे कच्चेच राहते. म्हणून आच मंद ठेवा आणि दोन्ही बाजू सावकाश भाजा.

पहिला टोस्ट थोडा करपला, तर तो तुम्ही खा. अम्मीला दुसरा द्या, गरम असतानाच.